खाडीच्या बांधावर पाचशे सीसी

मंडळी, दुसरं महायुद्ध संपल्यावर कल्याणच्या छावणीतून लष्करी मोटरसायकली विकायला निघाल्या. सव्वाशे सीसीची हलकी होती, पाचशेची दांडगी. चिखलात ताकद हवी म्हणून मी दांडगी घेतली.

आज सकाळी तिच्यावरून, खाडीच्या बांधावरून, काकांच्या शेताकडे निघालो. मागचं चाक रुतलं. मी जोर दिला, तर चाकाने बांधच फोडला. दुपारच्या उधाणाचं खारं पाणी तिथूनच भातात शिरलं.

काका भगदाडाला चिखल लावत एवढंच म्हणाले, "अरे, या बांधावरनं आपन बैल पन नाय नेत रे."

सव्वाशेची मी हाताने उचलून काढली असती. आता त्या जमिनीत दोन-तीन वर्षं भात होणार नाही.

काका अजून बांधावरच आहेत. त्यांची भाकरी घेऊन मी चालत निघालोय. सांगा, समोर जाऊन काय बोलू?