खिळा मारायची परवानगी

अन्याय झाला तो एका कातकरी बाईवर. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पनवेलच्या एका दवाखान्याच्या पडवीत. तिचं नाव मी लिहीत नाही. ते चव्हाट्यावर यावं असं तिला वाटत नाही. तिथल्या कंपाउंडरचंही लिहीत नाही. तो एकटाच तसा असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

मी तेव्हा इंटर सायन्सला होते. राज्यासाठीची पत्रकं लिहून हात चांगला तयार झाला होता आणि राज्य मिळाल्यावर त्याला काम उरलं नव्हतं. तेवढ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. ‘पाणी उकळून प्या’ असं मोठ्या टायपात छापून घेतलं आणि खळीचा डबा घेऊन दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवायला गेले. पत्रक भिंतीला लागलंच नाही.

पडवीत फरशीवर, गोणपाटावर ती पडली होती. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. शेजारी तिचा नवरा उकिडवा बसला होता, कमरेला कोयता. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतून निघाले होते. पटकी म्हटल्यावर गाडीवाल्याने अर्ध्या वाटेत उतरवलं, पुढे त्याने तिला पाठीवर आणली. तिच्या हाताच्या शिरेत सुई होती, सुईला रबरी नळी, आणि नळीच्या वरच्या टोकाला सलाइनची बाटली. ‘वरच्या’ म्हणायचं एवढंच. बाटली उलटी करून पडवीच्या गुडघाभर कठड्याला बांधली होती. नळीत मध्येच बसवलेल्या काचेच्या फुग्यात एक थेंब पडायचा आणि दुसरा पडायचं विसरून जायचा.

“सिस्टर, बाटली इतकी खाली का?”

सिस्टर आमच्याच आळीतल्या, बेने इस्रायली. जिभेने तिखट. “मग कुठं बांधू? माझ्या अंबाड्याला? स्टँड आत आहे.”

खिडकीतून दिसत होता. रिकामी खाट, स्वच्छ चादर, शेजारी लोखंडी स्टँड. मी कंपाउंडरकडे गेले.

“तो स्टँड बाहेर द्या.”

“तो आतल्या पेशंटसाठी आहे.”

“आत पेशंट कुठंय?”

“येईल की. साथ आहे.”

“मग ही कोण?”

“ही पडवीतली,” तो म्हणाला, आणि पुड्या बांधू लागला. “सरकारी सामान खोलीबाहेर जात नाही, बाई.”

बाटलीतलं पाणी शिरेत आपणहून जात नाही. शिरेतलं रक्त त्याला उलट रेटत असतं. बाटली जितकी वर, तितका नळीतल्या पाण्याचा दाब जास्त; तो रक्ताच्या दाबावर मात करेल तेव्हाच पाणी आत शिरतं. हे आम्ही कॉलेजात काचेच्या नळ्यांत रंगीत पाणी घालून पाहिलं होतं आणि त्यावर मार्कही मिळवले होते. नळीच्या दुसऱ्या टोकाला एखादी बाई असू शकते, हे पुस्तकात नव्हतं.

तेवढ्यात तिला उमासा आला. पोट आवळलं, सगळं अंग ताणलं गेलं, शिरेतला दाब क्षणभर वाढला, आणि सुईकडून नळीत लाल धागा वर चढू लागला.

“रगत!” नवरा उठला. “रगत काढतान ही मानसं!” त्याचा हात सुईकडे गेला.

“दादा, थांबा! ओढू नका!” मी कठड्याची सुतळी हिसकली आणि बाटली डोक्यावर धरली. लाल धागा थबकला. मग हळूहळू मागे सरकला आणि सुईत नाहीसा झाला. फुग्यातले थेंब एकामागे एक धावू लागले.

तो बघत राहिला. “वर धर, बाय,” तो म्हणाला. “खाली नको आनू. वर धर.”

“इतकं जलद गेलं पाहिजे,” सिस्टर म्हणाल्या. “अंगातलं सगळं वाहून गेलंय तिच्या.”

“काय हाय ह्यात?” त्याने विचारलं.

“मीठ आणि पाणी.”

“मीठ?” तो हसला की काय ते कळलं नाही. “मिठागरात जलम गेला हिचा. मीठ कमी पडलं व्हय हिला?”

त्याला सांगितलं, की नुसतं पाणी रक्तात सोडलं तर रक्तातले कण ते पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. म्हणून पाणी रक्ताइतकंच खारट असावं लागतं, कमीही नाही, जास्तही नाही. त्याने मान हलवली, पण नजर थेंबांवर.

माझी उंची बेताची. हात सरळ वर ताणला तरच थेंब धावायचे, कोपर वाकलं की रेंगाळायचे. थोड्याच वेळात बोटं बधिर झाली. वर पाहिलं तर पंजा पांढरा पडला होता. उंच धरलेल्या हातात रक्त चढवायला हृदयाला जड जातं, आणि चढलेलं रक्त आपल्याच वजनाने खाली उतरतं. ज्या उंचीमुळे तिची शीर भरत होती, तिच्यामुळेच माझी रिकामी होत होती. मी हात बदलला. मग दुसराही गेला. नवऱ्याने बाटली घेतली, पण सकाळपासून बायकोला वाहून आणलेले ते हात. बाटली वर राहीना.

“कंपाउंडरसाहेब, एक खिळा आणि हातोडी द्या. खांबाला मारते.”

“सरकारी इमारत आहे. खिळा मारायला परवानगी लागते.”

“कुणाची?”

“डॉक्टरांची.”

“ते कुठं आहेत?”

“करंजाला, लस टोचायला.”

“कधी येणार?”

“एसटीचं काय सांगावं?” मग माझ्या गठ्ठ्याकडे बघून, “पत्रक काढा ना ह्याच्यावर, नेत्याबाई.”

मागून सिस्टरचा आवाज आला. त्यात तिखट उरलं नव्हतं. “अगं, नाडी लागत नाही मला.”

वळून पाहिलं. नवऱ्याचे हात छातीपर्यंत उतरले होते आणि थेंब थांबला होता. त्याने बाटली माझ्या हातात दिली आणि कमरेचा कोयता काढला.

“ए! ए! पोलिसाला बोलावीन!” कंपाउंडर मेजामागे सरकला.

त्याने तिकडे पाहिलंही नाही. नळी किती पुरते ते डोळ्यांनी मापलं, हात उंचावला आणि सगळ्या बळाने कोयता पडवीच्या लाकडी खांबात हाणला. पातं रुतलं. मुठीला ओढून बघितलं. हललं नाही. मी सुतळीने बाटली मुठीला टांगली. नळी पुरली, जेमतेम. थेंब मोजता येईनासे झाले. सिस्टर मनगट धरून बसल्या होत्या. कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या, “आहे. बारीक आहे, पण आहे.” आणि दुसरी बाटली आणायला उठल्या.

ऊन कलताना तिने ओठ हलवले. “पानी,” ती म्हणाली.

डॉक्टर दिवेलागणीच्या सुमारास आले. कंपाउंडर पुढे धावला, “साहेब, सरकारी खांबाचं नुकसान.” डॉक्टरांनी कोयत्याकडे पाहिलं, तिची नाडी पाहिली, म्हणाले, “बाटली संपेपर्यंत हात लावू नका.” खिळ्याचं मी सांगितलं, त्यावर मात्र अवाक्षर नाही. तशा चांगल्या माणसांचंच मला जास्त भय वाटतं.

ती जगली. कोयता त्याने परत नेला. मी खिळ्यासाठी अर्ज केला, मग दुसरा केला. दोन्हींना उत्तर नाही. परवा मुद्दाम जाऊन आले. खांबाला चीर आहे. खिळा नाही. स्टँड आत उभा आहे, खाटेशेजारी, पुसून लख्ख केलेला.

पुन्हा पावसाळा तोंडावर आहे. तेव्हा वाचून हळहळू नका, मला पत्रंही पाठवू नका. उद्या सकाळी तुमच्या गावच्या दवाखान्याच्या पडवीत जा. जिथं माणसं फरशीवर निजवतात तिथला खांब बघा. हात वर करून पोचेल तिथं खिळा नसेल तर घरची हातोडी न्या आणि मारा. परवानगी विचारू नका. साथ यायच्या आत मारा.