चिप, कंधारी आणि बंद डेअरीचा ओटा

माझ्या लेकीने बंगळुरूहून आणलेला तो तुकडा आप्पा चष्म्याच्या डबीत ठेवतात. नखाएवढा, काळपट, पण उन्हात तिरपा धरला की त्यावर निळे-हिरवे रंग पळतात. लेक चिपची आखणी करणाऱ्या कंपनीत आहे आणि हा तुकडा तिथल्या बाद मालातला. एवढ्याशा जागेत अब्जावधी बटणं बसवली आहेत आणि ती सारखी उघडझाप करत असतात, असं तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आप्पांच्या हातातला चहा निवून गेला.

"बाई, मानसानंच केलं म्हनता हे?" त्यांनी मला विचारलं.

आप्पा माझे थोरले दीर. मी हायस्कूलला विज्ञान शिकवलं, म्हणून सगळं गाव मला बाई म्हणतं आणि तेही बाईच म्हणतात. हो म्हणाले खरी, पण खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला होता. फळ्यावर इतकी वर्षं विजेचं सर्किट काढलं, ते दोन बल्ब आणि एका सेलचं.

आप्पा आमच्या गावच्या दूध डेअरीचे चेअरमन. गाव दिंद्रुडच्या पलीकडे, आडवळणाचं. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, छावणीतूनच बरीच विकली गेली, आणि डेअरीचं कुलूप आप्पांनी स्वतःच्या हाताने लावलं. किल्ली अजून त्यांच्या करदोट्याला आहे. पुढे गोठ्यांत पुन्हा गाई आल्या, पण वरचा दूध संघ आता चार डिग्रीला थंड केलेलंच दूध घेतो, आणि दूध थंड करणारा मोठा बल्क कूलर आणायचा तर गावाची ऐपत नव्हती. आप्पांचं म्हणणं एकच, डोळे मिटायच्या आत या ओट्यावर पुन्हा कॅन लागलेले बघायचे. त्यासाठी जुन्या संचालकांनी आपसात भिशी चालवली होती.

त्या भिशीचा पैसा चिपमध्ये गेला तो त्या तुकड्यामुळेच. आप्पांना एकदा एखाद्या गोष्टीचं नवल वाटलं की ते बैठकीत मांडल्याशिवाय राहत नाहीत. मुळात संगणकावरच्या खेळांतल्या चित्रांसाठी बनवलेली एक चिप आता यंत्रांना विचार करायला शिकवते, तिची आखणी करणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचे शेअर घ्यावेत, असा ठराव झाला. ॲप माझ्या मोबाइलवर, खातं माझ्या नावावर. म्हणजे शिव्या खायची जबाबदारीही माझ्यावर, हे कुणी बोललं नाही, पण मला कळत होतं.

वर्षभर शेअर असे चढले की संचालक मंडळी मला रस्त्यात थांबवून रामराम घालू लागली. मग एका सकाळी उठून पाहते तो आकडा धाडकन खाली. मोठमोठ्या कंपन्या आता स्वतःपुरती चिप बनवायला लागल्या होत्या, एकाच कामाची, स्वस्त आणि वीज कमी खाणारी. आमच्या सर्वगुणी चिपचे दिवस भरले, अशी हाकाटी होती. मी धावत आप्पांकडे गेले आणि विकायचं का ते लगेच सांगा म्हणाले.

आप्पा शांतपणे म्हणाले, "बैठक लावू. पर नोटीस आठवडाभर आदी निगती, बाई. कायद्यानं."

मी कपाळावर हात मारून घेतला. डेअरी बंद, सभासद पांगलेले, आणि अमेरिकेतला बाजार आमच्या सूचक-अनुमोदकाची वाट बघत थांबणार होता. पण ज्या माणसाने आयुष्यात एक ठराव बेकायदा केला नाही, त्याच्यापुढे काय बोलायचं? नोटीस निघाली, ओट्यावर चिकटवली गेली. त्या आठवड्यात शेअर आणखी उतरला, मग थोडा वर आला, आणि मला जेवण गोड लागेना.

बैठक डेअरीच्या ओट्यावरच झाली. कोणती चिप टिकेल, हा विषय. दोन वाक्यांत मंडळी चिपवरून गाईवर आली.

"एकाच कामाची म्हंजे जर्सी की," माजी व्हाइस चेअरमन म्हणाले. "दूद बगा कसं दिती. आपल्याकडची चिप ती गावरान लाल कंधारी. दूद बी देनार, गोऱ्हा झाला तर नांगराला बी चालनार, पर कॅन काय भरायचा न्हाई."

"छावनीत कोन जगलं मंग?" दुसरे संचालक उसळले. "जर्स्या पटापटा बसल्या. कंधारी उबी व्हती."

"चारा हाय तवर जर्सीच, बे. रोज काय दुस्काळ असतोय?"

मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. शेअर बाजारातले मोठमोठे जाणकार इंग्रजीत जे भांडत होते, ते हेच भांडण होतं. शेवटी मी लेकीला फोन लावला आणि आवाज मोठा करून मोबाइल उलट्या घातलेल्या कॅनवर ठेवला.

लेक म्हणाली, "कोण जिंकणार हे आमच्या साहेबांनाही माहीत नाही. पण मोठे बाबा, दोन्ही चिप तयार होतात त्या मोजक्याच कारखान्यांत. आखणी कुणाचीही असो, घडवायला माल तिथंच जातो."

आप्पा सावरून बसले. "म्हंजे जर्सीचं असू नायतर कंधारीचं, दूद डेअरीलाच येनार. मंग कारखान्याचेच शेअर घ्यावं की." सगळ्यांच्या माना डोलल्या. मलाही हायसं वाटलं. ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला.

आता नुसता हात वर करायचा होता, पण आप्पांचं कुतूहल कुठलं गप्प बसतंय. तो कारखाना दिसतो कसा, असं त्यांनी विचारलं. लेकीने खुशीत येऊन सांगितलं की तिथल्या हवेत धुळीचा कण चालत नाही, आणि चिप पुन्हा पुन्हा धुवायला जे पाणी लागतं ते इतकं शुद्ध करतात की त्यात पाण्याशिवाय काहीच उरत नाही.

"लई लागतं का पानी?" आप्पांनी विचारलं.

"खूप. हे कारखाने आहेत त्या देशात एका वर्षी पाऊस झाला नाही, तर कारखान्यांना टँकर लावले होते."

टँकर म्हटल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्या जगाची बुद्धी जिथे घडते, तिथेही टँकर.

"आन् शेतकऱ्यांला?"

"भाताचं पाणी बंद केलं होतं, मोठे बाबा. भरपाई दिली सरकारने. शेतं पडीक राहिली."

आप्पांनी चष्म्याच्या डबीतून तो तुकडा काढला आणि उन्हात धरला. रंग पळाले.

"ह्याच्यासारकं नवल म्या जल्मात बगितलं न्हाई," ते म्हणाले. "आन् पुन्यांदा बी बगनार न्हाई. पर पडीक रान म्या बगितलंय. ज्येला करायचं त्येनं करावं. माजा हात काय वर व्हईना."

मग त्यांनी दुसरी सूचना मांडली. सगळं विकायचं आणि जमेल तो कूलर आणायचा, लहान तर लहान, जुना तर जुना. कुणी वाद घातला नाही. मी मात्र घातला, चांगला तावातावाने घातला, कारण आणखी थोडं थांबलो तर नवा कोरा मोठा कूलर येईल हे मला स्वच्छ दिसत होतं. आप्पा म्हणाले, "बाई, तुमी थांबा. तुमचं वय हाय." मी त्याच ओट्यावर बसून विकायचं बटण दाबलं.

पुढे काय झालं ते सांगायला हवं. दोन्ही जातींची चिप चालली, कारखाना तर त्याहून जोरात चालला, आणि आम्ही सोडलेले शेअर कुठल्या कुठे गेले. मी अजून मधूनमधून ॲप उघडून बघते आणि स्वतःवरच चिडते.

तलवाड्याकडच्या एका डेअरीने मोडीत काढलेला कूलर मिळाला. ज्या सकाळी पहिलं दूध ओतलं, त्या सकाळी आप्पांनी करदोट्याची किल्ली सोडून कुलूप काढलं. यंत्र घरघरलं. समोरच्या काचेत लाल आकडे उमटले आणि एकेक करत उतरू लागले. आप्पा वाकून बघत राहिले.

"ह्याच्यात बी असंल का ती?"

"आहे की, आप्पा. अगदी साधी. गारवा मोजायचा एवढंच काम तिला. तिच्या शेअरसाठी कुणी भांडत नाही."

त्यांनी त्या आकड्यांवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बाहेर बायामाणसं चरव्या घेऊन उभी होती, कुणाच्या जर्सीच्या, कुणाच्या कंधारीच्या. आप्पांचे डोळे भरले होते.

"चार डिग्रीला आलं, बाई," ते म्हणाले. "म्या बगितलं."