ईशानचं कोपर आणि आईचं तेल

दुसऱ्यांदा मोजलं तरी आकडा तोच आला. ऐंशी. मागच्या शुक्रवारी याच हाताचा शंभर आला होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बंगळुरात हेब्बाळच्या एका छोट्या हॉस्पिटलात. ज्याने मोजत होते त्याला गोनिओमीटर म्हणतात. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या लावल्या तर जसा दिसेल, तसा. एक पट्टी दंडावर धरायची, दुसरी मनगटाच्या दिशेने, की कोपर किती वाकतं ते कळतं. चांगलं कोपर एकशेचाळीसच्या आसपास वाकतं. ऐंशीला घास तोंडापर्यंत पोचत नाही.

हात होता ईशानचा. वय तेरा. सायकलवरून पडून कोपराच्या वरचं हाड मोडलेलं, प्लास्टर निघून तीन आठवडे झालेले. सुधारत चाललेलं कोपर असं वीस डिग्री मागे जात नाही. गेलं, तर घरी कोणीतरी काहीतरी करतंय. मी हात लावून पाहिला. गरम होता, सुजलेला होता, आणि तिळाच्या तेलाचा वास येत होता.

"मेघनाताई, मसाज केलात?" मी त्याच्या आईला विचारलं. या पुण्याच्या, सॉफ्टवेअरमधल्या.

"छे हो मॅडम! तुम्ही पहिल्याच दिवशी नको म्हणाला होतात ना."

"मग हे तेल?"

"ते नुसतं जिरवलं. रोज संध्याकाळी वीस मिनिटं. आणि शेवटी थोडा ताण देते, लहानपणी अंघोळीआधी द्यायचे तसा. मसाज नाही काही."

मी कपाळाला हात लावला. बाळाच्या अंगाला तेल चोळायचं, हातपाय ताणायचे, यात वाईट काही नाही. पण मोडून नुकतंच जुळलेलं कोपर फार मानी असतं. ते चोळलं, जोर लावून ओढलं, तर शेजारच्या स्नायूत नको तिथे हाड तयार होऊ शकतं. मग सांधा जाम होतो आणि ऑपरेशनची वेळ येते. हे सगळं मी त्यांना सांगितलं. जरा चढ्या आवाजातच सांगितलं. आमच्या घरात कॉलेज केलेली मी पहिली. अप्पांचं चामराजपेटेत शिवणकामाचं दुकान आहे. माझं डिग्री सर्टिफिकेट त्यांनी घरात न लावता दुकानात लावलंय, ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई ते वाचल्याशिवाय जाऊ नये म्हणून. एवढं करून शिकलेलं कोणी तेलात बुडवलं की मला राग येतो.

मेघनाताईंचा चेहरा उतरला. मी त्यांना एक्स-रेची चिठ्ठी घेऊन काउंटरवर पाठवलं. खोलीत मी आणि ईशान राहिलो.

"मॅडम, तिला ओरडू नका," तो म्हणाला. तीन आठवड्यांत त्याने माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. एरवी हं, नाही, ओके.

"का रे? दुखत नव्हतं तुला?"

"दुखायचं. शेवटचा ताण तर खूपच."

"मग नको का नाही म्हणालास?"

तो बोटाने टेबलाची कड घासायला लागला. "तेव्हा ती फोन बाजूला ठेवते. हाताला तेल असतं ना. मग आम्ही बोलतो."

"काय बोलता?"

"काहीपण."

माझा राग तिथेच विरला.

सुदैवाने एक्स-रे साफ निघाला. आमचे हेड रामय्या सर फिल्म उजेडात धरून म्हणाले, "एक आठवडा पूर्ण विश्रांती. मग फक्त अ‍ॅक्टिव्ह." अ‍ॅक्टिव्ह म्हणजे पेशंटने हात स्वतःच्या ताकदीने हलवायचा, दुसऱ्याने ओढायचा नाही. "त्यानंतर दोन आठवड्यांत शंभरच्या पुढे गेलं नाही, तर सर्जनकडे परत."

"सर, आईला काहीतरी काम द्यायला हवं."

"मदर पेशंट नाहीये."

"नाही. पण नुसतं हात लावू नका म्हटलं, तर या घरातली बोलायची वीस मिनिटं जातील. मग मुलगा व्यायामही करायचा नाही."

मी घरी करायच्या व्यायामाचा कागद फाडला आणि नवा लिहिला. वाकवायचं ईशानने. मोजायचं आईने. वेळ तीच, संध्याकाळची, दोघांचेही फोन दुसऱ्या खोलीत. आणि तेल लावायचंच असेल तर डोक्याला. डिपार्टमेंटचा एक प्लास्टिकचा गोनिओमीटर त्यांना दिला.

सही करताना सर थांबले. "हेड ऑइल? हा कुठला प्रोटोकॉल, अम्मा?"

"चामराजपेट प्रोटोकॉल, सर."

"सरी, सरी," असं कन्नडमध्ये 'बरं, बरं' म्हणत त्यांनी सही ठोकली.

विश्रांतीचा आठवडा संपून तीन दिवस झाले आणि मेघनाताईंचा फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, काल नव्वद होतं, आज अठ्ठ्याऐंशी. परत काही बिघडलं का हो?"

मागून ईशान ओरडत होता. "आई, तू पट्टी वाकडी धरलीयस! मॅडम, ही खरंच इंजिनिअर आहे, शपथ!"

"गप रे! हलू नकोस तू, म्हणजे नीट येईल."

"हलायचंच तर आहे मला!"

मी फोनवर थांबले. त्यांनी पुन्हा मोजलं. एक्याण्णव.

सरांनी दिलेले दोन आठवडे संपले त्या दिवशी आमच्या टेबलावर एकशेबारा आलं. सर्जनकडे जावं लागलं नाही. पुढच्या महिन्याभरात एकशेपस्तीस. उरलेले पाच खेळता खेळता येतील, असं सर म्हणाले आणि त्यांनी डिस्चार्जचा कागद पुढे ओढला.

"एक्सरसाइज बंद?" ईशानने विचारलं.

"बंद. आता खेळ."

"मोजणंपण?"

"तेही बंद."

तो भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिला. मग तिकडेच बघत म्हणाला, "आणि डोक्याचं?"

मेघनाताई एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा खाली ओढला आणि कागदावर लिहिलं: हेड ऑइल, कंटिन्यू.

तेव्हापासून पेशंटच्या घरच्यांना एखादी गोष्ट बंद करा म्हणायच्या आधी मी विचारते, की ती करताना तुम्ही दोघं काय बोलता. उत्तर लांबलं, तर तिच्या जागी दुसरं काय करायचं तेही त्याच कागदावर लिहून देते. नुसतं 'करू नका' लिहिलेला कागद घरी कोणी पाळत नाही.