पोट भरलेला कोळसा

जामसरच्या रानात कोळशाची भट्टी लावणाऱ्या सुकरी कातकरणीला लोक तोंडाळ म्हणायचे. म्हणोत बापडे! नवरा गेल्यावर जी बाई एकटीनं लाकूड रचते, वर माती लिंपते आणि आठ-आठ दिवस धुरात उभी राहते, तिनं काय गोड गोड बोलावं?

पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. लढाईत विषारी वायू सोडायला लागले होते, आणि शिपायांच्या मुखवट्यात भरायला वायू शोषून घेणारा कोळसा हवा होता. जव्हारच्या एका ठेकेदारानं चार भट्ट्यांचा कोळसा पारखायला मुंबईहून वर्तक मास्तरांना आणलं. ज्या भट्टीचा कोळसा नापास, ती भट्टी बंद. भट्टी गेली की झोपडी मोडून खाली मिठागरावर जायचं, दुसरी वाट नव्हती. सुकरीची बहीण तिकडे गेली ती परत आलीच नव्हती.

मास्तरांनी ठेकेदाराच्या ओट्यावर मांडामांड केली. पाऱ्याच्या वाडग्यात उपडी उभी केलेली काचेची नळी, नळीत नवसागरापासून काढलेला झणझणीत वायू, अमोनिया. पाऱ्याखालून कोळशाचा खडा आत सरकवायचा. तो जेवढा वायू पिईल, तेवढा पारा नळीत वर चढायचा. नळीवर रेघा आखल्या होत्या. पाच रेघा चढला तर पास.

शेजारच्या भट्टीवाल्या लाडक्याच्या कोळशानं पारा सहा रेघा चढवला. बाकी दोघांचाही तेवढाच. सुकरीचा? दोन!

"झालं! आवर गं तुझं बिऱ्हाड," ठेकेदाराचा मुकादम म्हणाला. "काच काय खोटं बोलते?"

मास्तर मात्र खडा हातात फिरवत बसले. मग त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, लाकूड तेच, रान तेच. मग असं का व्हावं? तुला काय वाटतं?"

सुकरी गोंधळली. तिनं खडा नाकाशी नेला आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! माझाच घोळ हाय हा. ओल लागू नये म्हणून चुलीच्या वर टांगून ठेवला, सुकटीच्या टोपलीत! धूर आणि सुकटीचा वास पिऊन पोट भरलंय त्याचं. भरल्या पोटी तुझा वायू कुठं घेणार तो?"

मुकादम खो खो हसला. मास्तर नाही हसले. "मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय? मडक्याचा वास जावा म्हणून आत ठेवलेला कोळसा आम्ही फेकतो व्हय? तापवतो, पोट रिकामं करतो, पुन्हा वापरतो."

तिनं खडे मडक्यात घातले, झाकण मातीनं लिंपलं, बारीक भोक तेवढं ठेवलं. मडकं निखाऱ्यात बसवलं. भोकातून वास यायचा थांबला तसं तेही बुजवलं आणि निवू दिलं. निवेपर्यंत बाई मडक्याजवळून हलली नाही.

मास्तरांनी खडा नळीत सरकवला. पारा चढला. चार. सहा. नऊ रेघा!

"काहीतरी टाकलंन हिनं मडक्यात!" मुकादम ओरडला.

सुकरी अशी भडकली की विचारू नका. "मग लाडक्याचाबी घाल माझ्या मडक्यात! बघू काय व्हतंय!"

घातला. लाडक्याचाही सहावरून नऊवर गेला.

मास्तरांनी सकाळचे आकडे लिहिलेला कागद टराटरा फाडला. "सगळेच कोळसे अर्ध्या भरल्या पोटानं मोजत होतो मी! आधी रिकामे करायचे, मग मोजायचे. बाई, आज तू मला शिकवलंस." चारी भट्ट्या पास झाल्या, आणि मास्तरांनी तिला हात जोडले.

सुकरीच्या डोळ्यांना धार लागली. ती तोंडाळ बाई मास्तरांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी मागे सरत म्हटलं, "अगं, मी काय केलं? कोळसा तुझा, अक्कल तुझी."

"भट्टी राहिली माझी, ते तर हायेच," सुकरी म्हणाली. "पण मास्तर, आजवर मला सगळ्यांनी नुसतं सांगितलं रं. इचारलंस तू एकट्यानं."