चार पंचांगांचा विद्यार्थी

लोक मला तोंडाचा फटकळ म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. कुणी काम घेऊन आलं की मी एक तर तिथल्या तिथं उठतो आणि चपला पायात घालतो, नाहीतर तोंडावर सांगतो की हे माझ्याच्यानं होणार नाही, दुसरीकडं जा. अधलंमधलं मला येत नाही. सूनबाई एकदा म्हणाली, मामंजी, निदान सोयऱ्याधायऱ्यांना तरी ‘बघू’ म्हणत जा, माणसं दुखावतात. मी म्हणालो, दुखावू देत. तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि मीही तिला कारण सांगितलं नाही. ते सांगायचं तर मला माझ्या कॉलेजच्या दिवसांत जावं लागतं, आणि तिथं जायला मला आवडत नाही.

बीडहून हैदराबादला इंटर शिकायला गेलेले आमच्या वर्गात आम्ही दोघंच. मी नारायणगडाच्या बाजूच्या एका खेड्यातला, कुणब्याचा. तो बीडच्या बाजारातल्या फळवाल्याचा मुलगा. जिल्हा एक म्हणून आमची दोस्ती जमली आणि लई घट्ट जमली. निजामाचं राज्य, त्यामुळं कॉलेजात सगळं उर्दूत. इतिहास उर्दूत, तर्कशास्त्र उर्दूत, गणितसुद्धा उर्दूत. मला अक्षरं यायची, वाचता यायचं, पण पल्लेदार वाक्य आलं की शेवटापर्यंत जाईस्तोवर सुरुवात विसरलेली असायची. त्याला भाषा घरचीच. त्याचं घोडं अडायचं ते गणितात. बीजगणिताचं समीकरण दिसलं की त्याला घाम फुटायचा. मला मात्र गणित जन्माचं सोपं.

त्या साली कॉलेज सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, तेवढ्यात हैदराबादेत ताऊन, म्हणजे प्लेग, पसरला. घराघरांतून उंदीर पडायला लागले तसं कॉलेज बंद झालं आणि आम्हाला हुकूम मिळाला, आपापल्या गावी जा, घरी अभ्यास करा आणि खुर्दाद महिन्यात परीक्षेला या. खुर्दाद म्हणजे सरकारी फसली सनातला महिना. आपला पाडवा होतो न होतो तोच लागतो. म्हणजे हाताशी अख्खा पावसाळा-हिवाळा होता. जालन्यापर्यंत आगगाडीनं आणि पुढं धुरळा खात मोटारीनं आम्ही बीडला आलो.

मी खेड्यात गेलो असतो तर वडिलांनी औताला जुंपलं असतं, म्हणून बीडातच मावशीकडं राहिलो. वाटेतच आमचं ठरलं होतं. त्यानं मला उर्दूतली पुस्तकं समजावून सांगायची, मी त्याला गणित शिकवायचं. खरं म्हणजे तो नदीकाठच्या म्हाताऱ्या मास्तरांकडं जायचं म्हणत होता. हे मास्तर नोकरीतून सुटले होते आणि येईल त्याला ओट्यावर बसवून गणित शिकवायचे. मीच म्हणालो, त्यांच्याकडं कशाला जातोस बे, मी काय मेलोय का? त्याला केवढा आनंद झाला! त्याच्या बापानं त्याला साफ सांगून ठेवलं होतं. बाप गाडीवरून पडून कमरेतून अधू झालेला, दुकान कसंबसं रेटत होता. खुर्दादपर्यंत मी ओढतो, म्हणाला; पास झालास तर खुशाल पुढं शीक, नापास झालास तर टोपल्यांपुढं येऊन बस. दुसऱ्या वर्षाची गोष्ट काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची नमाज उरकून तो मावशीच्या दारात हजर. ओसरीवर बसला, पुस्तक उघडलं आणि एकेक वाक्य फोडून सांगायला लागला. माझ्या डोक्यात शिरेपर्यंत तो पुढचं पान उलटायचा नाही. धडा संपला की त्यानं गणिताचं पुस्तक पुढं सरकवलं. मी म्हणालो, आता मोहरम लागलाय, ताबूत थंडे होऊ देत, मग सुरू करू. तो हसला. त्याला वाटलं असेल, हिंदू असून दोस्त आपल्या महिन्याची अदब ठेवतो.

अदब कसली डोंबलाची! मला नुसतं उठून बसायचाच कंटाळा होता. त्या दिवसांत मला काय झालं होतं, अजून नीट सांगता येत नाही. अंगात ताप नाही, डोक्याला घोर नाही, आणि तरी खाटेवर पडून छताची लाकडं बघण्यापलीकडं मला काही करू वाटायचं नाही. मावशी म्हणायची, याच्या अंगात हाडं आहेत का घुगऱ्या? अभ्यास करायचाय हे कळायचं. तो केला नाही तर काय होईल तेही कळायचं. पण आजचा दिवस मला सुरुवातीच्या लायकीचाच वाटायचा नाही. सुरुवात कशी कोऱ्या, स्वच्छ दिवशी व्हावी.

आणि आमच्या मुलखात कोऱ्या दिवसांना काय तोटा? काका, म्हणजे मावशीचे यजमान, कचेरीत कारकून. त्यामुळं भिंतीवर फसली सनाची सरकारी जंत्री. देवघरात मावशीचं पंचांग. दोस्ताच्या घरी चांद बघून महिना. आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या साहेबाचं वर्ष जानेवारीपासून. बाकी मुलखातल्या आळशाला वर्षातून एकदा नवं वर्ष मिळतं. मला चार मिळत होती. वर अशुभ दिवसही दोन्ही धर्मांचे मीच वापरून घेतले. मोहरम संपला तर सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस आले. ते तेरा तेजीचे, मुसलमान बायका त्यात नवं काम काढत नाहीत. तेही मी पुढं केलं, तेव्हा दोस्त पहिल्यांदा चक्रावला.

“यार, तेरा तेजी माझी अम्मीबी पाळत न्हाई, तू कावून पाळतोस?”

मी वेळ मारून नेली. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात कुणी नवं काही सुरू करतं का? मावशीनं स्वयंपाकघरातून सुनावलं की पितरांना तुझ्या समीकरणाचं काही नाही, बस गुमान. मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

मग आजूर आला, फसली सनाचा पहिला महिना. एक आजूरला मी खरंच उठलो. टाक धुतला, दौतीत नवी शाई कालवली, कागदाला समास आखले, कुठल्या वेळेला काय करायचं त्याचा तक्ता करून खिळ्याला लटकवला. दोस्त आला तेव्हा तो तक्ता बघून इतका खूश झाला की त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. आखण्या-सजवण्यातच दिवस गेला. आता उद्या बसू, म्हणालो. दुसऱ्या दिवशी जाग आली तर वाटलं, वर्षाचा पहिला दिवस तर गेलाच. माझं तसंच होतं. पहिला दिवस वाया गेला की अख्खं वर्षच मला उष्टं वाटायचं. मग दिवाळीचा पाडवा दिसायला लागला आणि तक्ता खिळ्यावर फडफडत राहिला.

तो मात्र यायचा चुकला नाही. बालाघाटातली सीताफळं बाजारात आली तेव्हा येताना उपरण्यात बांधून दोनचार आणायचा. मावशीला देऊन ओसरीवर बसायचा आणि वाचायला लागायचा. मी फळ खात ऐकायचो, बिया अंगणात थुंकायचो. माझं उर्दू त्या ओसरीवर तयार झालं. आज हे आठवलं की मला स्वतःची किळस येते.

दिवाळीचा पाडवा गेला, जानेवारीही तसाच गेला. मग एक दिवस तो म्हणाला, चल, फिरून येऊ, आणि आम्ही गावाबाहेर खजाना बावडीकडं गेलो. त्या जुन्या विहिरीच्या काठावर बसलो, खाली पाणी वाहत होतं. मग त्यानं विचारलं, तेही माझ्याकडं न बघता.

“तुला जमत नसंल तर सांग. मला राग न्हाई येणार.”

तेव्हा मला तोंडातून फक्त एक शब्द काढायचा होता. मास्तर अजून नदीकाठी होते, परीक्षेला अजून अवकाश होता. पण मला अपमान वाटला. आमच्या दोघांत तो सगळ्याच बाबतीत पुढं होता, गणित तेवढं माझं होतं. ते मी दुसऱ्याच्या हाती कसं जाऊ देणार? मी उलटा त्याच्यावरच चिडलो. जमत नाही म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही का? पाडव्याला गुढी उभारली की त्याच दिवशी बसू, तुझ्या गळ्याची शपथ. शपथ म्हटल्यावर तो जायला उठला. परत येताना त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला होता.

पाडवा आला आणि माझी पाचावर धारण बसली. परीक्षा अगदी दारात. काय गंमत आहे बघा, जे मला इतके महिने दोस्तीनं, शपथेनं, चार पंचांगांनी करवलं नाही, ते भीतीनं एका सकाळीत करवलं. मी उठलो आणि अभ्यासाला लागलो, पण माझ्या स्वतःच्या. इतिहास कच्चा होता, तर्कशास्त्र तर सगळंच कच्चं. मी त्याला म्हणालो, आधी मला एवढं वाचून दाखव, मग गणिताला बसू. तो वाचत राहिला. घसा बसेपर्यंत वाचत राहिला. गणिताला आम्ही बसलो ते निघायच्या आदल्या दोन दिवसांत, आणि मग जालन्याच्या मोटारीत. मोटारीला हिसके बसायचे आणि गुडघ्यावरच्या कागदावर पेन्सिल उड्या मारायची. समीकरणाची एक बाजू त्याला समजत आली की मागचं विसरायचा. मी त्याच्यावर खेकसलो. हो, मी त्याच्यावर खेकसलो, की एवढं सोपं कसं येत नाही तुला?

निकाल काकांना कचेरीत कळला. घरी येऊन त्यांनी मावशीला देवापुढं साखर ठेवायला सांगितली. मी पास झालो होतो. मग डोक्यावरची टोपी खाली ठेवत म्हणाले, तुझा तो दोस्त तेवढा एका गणितात गेला.

संध्याकाळी तोच आला, आंबे घेऊन. मला मिठी मारली, मावशीच्या हातची साखर खाल्ली. उद्यापासून दुकानावर बसतोय म्हणाला, आणि दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिला. माफी मागायची होती, पाय धरायचे होते. पण मावशी समोर होती, काका समोर होते. वाटलं, आज नको, उद्या एकट्यात गाठून नीट बोलू. तुम्हाला आता सांगायला नको की तो उद्या काही आला नाही. मी बी.ए.ला हैदराबादला निघून गेलो.

पुढच्या सुट्टीत बीडला आलो तेव्हाही बाजार टाळून मागच्या गल्लीनं जायचो. एक दिवस मावशीच म्हणाली, तो रोज तुझ्याबद्दल विचारतो, भाजी घ्यायला गेले की लाज वाटते मला. मी तसाच उठलो. अमावस्या होती. मावशी म्हणाली, अरे, उद्या जा. मी चपला घालून निघालो.

तो टोपल्यांपुढं बसला होता. सीताफळं दाबून बघत होता, पिकलेली एकीकडं, कच्ची एकीकडं. मला बघून उठला, गोणपाट झटकून जागा दिली, एक चांगलं पिकलेलं फळ हातात ठेवलं. मला ते खाववेना. मी रस्त्यातच सगळं ठरवून आलो होतो. त्याला म्हणालो, चूक माझी होती, सगळी माझी. बाहेरून परीक्षेला बसता येतं, मी चौकशी केलीय. ही अख्खी सुट्टी मी इथं आहे. दुकानावर बसून शिकवतो, आत्तापासून शिकवतो, पुस्तक आणलंय. आणि मी खरंच पुस्तक उघडलं.

त्यानं हात पुसले, पुस्तक मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“न्हाई,” तो म्हणाला.

राग नव्हता, कुरकुर नव्हती. बाप आता अंथरुणावरून उठत नाही, बहिणीचा निकाह ठरलाय, दुकान सोडून डोकं दुसरीकडं लागणार नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. इतका साधा शब्द मी त्याच्याशी एकदाही बोललो नव्हतो. तेवढ्यात एक बाई फळं घ्यायला आली. तिच्यासाठी तराजू उचलता उचलता, भाव सांगावा तशा आवाजात, तो मला म्हणाला,

“हेच तू मला बावडीवर म्हणला असतास, तर मी मास्तरकडं गेलो असतो.”

मग त्यानं तिला फळं तोलून दिली.