क्यूसी काकांच्या चिठ्ठ्या

कुठलाही अल्बम तीनदा ऐकून झाल्याशिवाय क्यूसी काका त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. चेहऱ्यावरही काही दिसू देत नसत. मध्येच कुणी विचारलं, तर "इन्स्पेक्शन चालू आहे," एवढंच उत्तर. माझ्यासारख्या मुळातच घाबरट माणसाला हे फार जड जायचं. गाणं राहायचं बाजूला आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या पेन्सिलीकडे लागलेलं असायचं.

आमचं हे ऐकणं चालायचं डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवर, मुग्धाच्या आईच्या गणिताच्या क्लासमध्ये. रविवारी सकाळी क्लास रिकामा असे. आम्ही सात-आठ जण दहावीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचो, पंक, इंडी, अल्टरनेटिव्ह असे रॉकच्या कुठकुठल्या आडवाटांचे अल्बम लावायचो आणि मग तावातावाने मतं द्यायचो. संगीत शिकलेला आमच्यात एकही नव्हता, त्यामुळे मतांना तोटा नव्हता. मी, मुग्धा आणि कुणाल असा आमचा तिघांचा एक बँडही होता. काका आमच्या सगळ्यांच्या वडिलांच्या वयाचे. वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात आधी पॉवर प्रेसवर आणि पुढे क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे तयार माल तपासायला, अशी सगळी नोकरी झालेली. रिटायर झाले, पण तपासणं सुटलं नाही. नाव त्यावरूनच पडलं.

या वाटेला ते लागले कसे, हे मी एकदा विचारलं होतं. "अरे, विठ्ठलवाडीला एक जण परदेशातल्या न खपलेल्या कॅसेटी विकायचा," ते म्हणाले. "त्यातली एक आणली. पहिल्यांदा वाटलं, कॅसेट खराब आहे. दुसऱ्यांदा वाटलं, माझा टेप खराब आहे. तिसऱ्यांदा कळलं, त्यांना असंच वाजवायचंय." तीनदाचा नियम तेव्हापासूनचा.

कारखान्यात मालाला बांधतात तसल्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या ते घरून कापून आणत. वर अल्बमचं नाव, मध्ये मत, खाली 'तपासणारा' असं लिहून सही. निकाल तीनच, पास, रिवर्क म्हणजे पुन्हा दुरुस्ती, आणि रिजेक्ट. एका नावाजलेल्या बँडवर त्यांनी लिहिलं होतं, 'गायक रागावलेला नाही, रागावलोय असं सांगतोय. रिवर्क.' दुसऱ्या एकावर, 'चौथं गाणं कशासाठी आहे, हे बँडलाही माहीत नसावं.' कुठल्याशा तीन पोरींनी गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेला एक अल्बम ऐकून आम्ही सगळे हसलो होतो. काकांची चिठ्ठी निघाली, 'बेसूर आहे, पण खोटं नाही. पास.' त्या दिवशी घरी जाऊन मी तो अल्बम पुन्हा ऐकला आणि मला माझीच लाज वाटली.

कारखान्यातले दोन नियम ते आम्हाला सारखे ऐकवत. एक, स्वतः केलेला जॉब, म्हणजे काम, स्वतः पास करायचा नाही. दुसरा गेजचा. गेज म्हणजे माल मोजायचं माप. ते हातातून पडलं की त्याचा भरवसा गेला, मग वरून कितीही चकचकीत दिसो. एका कामगाराच्या हातून असाच गेज पडला, त्याने तो गुपचूप पेटीत ठेवला आणि पुढचा सगळा माल त्याच मापाने पास होत राहिला. "गेज पडला हा गुन्हा नाही," काका म्हणायचे. "पडलेला गेज परत पेटीत ठेवला, हा गुन्हा." आम्ही माना डोलवायचो. त्यांची ही गोष्ट आम्हाला पाठ झाली होती, इतकी की मागून मुग्धा ओठ हलवून ती त्यांच्याबरोबर म्हणायची.

आमचा पहिला अल्बम तयार झाला तेव्हा तो सगळ्यांत आधी काकांकडे जाणार, हे ठरलेलंच होतं. तीन रविवार ते एक-एकदा ऐकणार. ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. जेवण जात नव्हतं. कुणाल म्हणाला, "भाई, बोर्डाचा रिझल्ट आहे काय?" मी म्हटलं, बोर्डाला एवढा घाबरलो नव्हतो. तिसऱ्या रविवारी चिठ्ठी आली. 'शब्द चांगले. गिटार खरी. पण सगळं गोधडीखाली वाजतंय. ड्रमच्या झांजा कुठे आहेत? वरचा आवाज वाढवा. रिवर्क.'

आम्हाला तसं काही वाटत नव्हतं. पण काका म्हणतात म्हणजे असणारच, असं म्हणून आम्ही पुन्हा बसलो आणि वरचे बारीक आवाज, झांजा, गिटारच्या तारांची किणकिण, सगळं चढवत नेलं. त्यांना पुन्हा ऐकवलं, तरी ते म्हणाले, अजून थोडं. आम्ही अजून थोडं केलं. मग त्यांनी पासची चिठ्ठी दिली आणि आम्ही अल्बम इंटरनेटवर टाकला. आठवडाभरात लोकांची मतं यायला लागली. एकाने लिहिलं, ऐकताना दात आंबले. दुसऱ्याने विचारलं, ही गाणी स्टीलच्या डब्यात खिळे घालून रेकॉर्ड केलीत का? मुग्धा आठ दिवस कुणाशी बोलली नाही. मी काकांना एवढंच सांगितलं की लोकांना फारसा आवडला नाही. ते म्हणाले, "लोक एकदाच ऐकतात रे."

एप्रिलमधल्या एका रविवारी क्लासचा इन्व्हर्टर बिघडला आणि बारीक, टोचरा असा आवाज करत सुटला. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मुग्धा तो बंद करायला धावली. काका मान खाली घालून शांतपणे चिठ्ठी लिहीत होते. मग त्यांनी वर पाहिलं आणि आम्हाला तसं बसलेलं बघून विचारलं, "काय रे, काय झालं?" बाकीचे हसले, काकांची तंद्री लागली होती म्हणाले. मी मात्र काकांकडे बघत राहिलो. आमची पिढी तोंडातल्या तोंडात बोलते, ही त्यांची तक्रार मला आठवली. आमच्या झांजाही आठवल्या.

मी कुणालाच काही बोललो नाही. काकांना सांगायचं कसं? ज्या माणसाची सगळी मिरास त्याच्या कानांत, त्याला हे मी सांगायचं? दर रविवारी ठरवून जायचो आणि दर रविवारी चहा पिऊन परत यायचो. ते लिहीत राहिले, रविवारी यायला लागलेली नवी पोरं त्यांच्या चिठ्ठ्यांवरून आपापली गाणी बदलत राहिली आणि मी बघत राहिलो. एकदा एका पोराला त्यांनी वरचा आवाज वाढवायला सांगितलं, तेव्हा मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला त्यांच्या दुःखाची जितकी काळजी होती, तितकीच स्वतःकडे वाईटपणा येण्याची भीती होती. पडलेला गेज मी पेटीत ठेवला होता.

ऑगस्टमध्ये काका एक कागद घेऊन आले. मुलीकडे नाशिकला गेले होते. नातवाला ताप होता, म्हणून त्याच्या काखेत थर्मामीटर लावला आणि तो वाजायची वाट बघत बसले. नातू कंटाळून म्हणाला, "आबा, तो कधीच वाजला." परत आल्यावर ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तिथे काढलेला कानांचा आलेख त्यांनी आता बाकावर पसरला आणि ड्रॉइंग समजावून सांगावं तसं बोट फिरवत आम्हाला समजावून सांगितला. इथपर्यंत ठीक आहे, इथून पुढे लाईन खाली बसलीय. पॉवर प्रेसच्या दणदणाटाची देणगी, म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता. मग त्यांनी एकेकाकडे पाहिलं आणि मान खाली घालून बसलेल्या माझ्यावर नजर थांबली.

"अभय, तुला कधीपासून माहीत होतं?"

"एप्रिलपासून," मी म्हणालो.

ते रागावतील, उठून जातील, असं काहीतरी होईल म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी नुसती मान हलवली. "सांगायला पाहिजे होतंस," म्हणाले. त्यानंतर जे म्हणाले ते खास त्यांचं होतं. "पण एप्रिल धरून चालणार नाही. गेज चुकीचा निघाला, की तो शेवटचा कधी तपासून घेतला, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते बघायचं आणि तिथपासूनचा सगळा माल परत मागवायचा. माझं कॅलिब्रेशन कधी झालंय? कधीच नाही."

पुढच्या रविवारी ते बुटांचा खोका घेऊन आले. आत आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने 'पुन्हा तपासणे' असं लिहिलेलं. कानात मशीन होतं, पण त्यातून गाणं पत्र्यावर पाऊस पडावा तसं ऐकू येतं, असं ते सांगत. म्हणून ते ऐकत, आणि वरचे आवाज कसे आहेत ते मी शेजारी बसून सांगे. खोटं गोड सांगितलं की त्यांना लगेच कळायचं. बरीचशी मतं तशीच टिकली, काही बदलली. तीन पोरींचा तो अल्बम पुन्हा पास झाला, तेव्हा आम्ही दोघेही हसलो.

निम्मा खोकाही झाला नव्हता, तेव्हा मुलीने त्यांना कायमचं नाशिकला नेलं. घर आवरल्यावर जिन्यात त्यांनी खोका माझ्या हातात दिला. "बाकीचे तू बघ. तीनदा ऐकायचं, घाई करायची नाही," एवढंच म्हणाले आणि रिक्षात बसले. मी पायाही पडलो नाही, इतका गडबडून गेलो होतो.

घरी येऊन मी खोका उघडला. एक सोडून उरलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर 'तपासणारा' या शब्दापुढे त्यांनी आपली सही खोडून माझं नाव लिहिलं होतं. एप्रिल ते ऑगस्ट मी गप्प बसलो, हे ठाऊक असून लिहिलं होतं. मला रडू आलं. ती एक चिठ्ठी सगळ्यांत खाली होती, आमच्या अल्बमची. 'पास' खोडलेलं होतं आणि त्याखाली त्यांचं वळणदार अक्षर. 'चूक माझी. पहिली प्रत काढून ऐकणे. अभयकडे देऊ नये, स्वतःचा जॉब आहे.'

परवाच्या रविवारी, फार दिवसांनी धीर करून, मी ती पहिली, झांजा चढवण्याआधीची प्रत काढली. आमच्यात नव्याने यायला लागलेल्या एका मुलीला दिली, सोबत कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल दिली, आणि तीन रविवारचा नियम सांगितला. काकांची सगळी गोष्टही सांगितली, माझ्या गप्प बसण्यासकट. मग जिन्यात जाऊन उभा राहिलो. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली, तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. कसा वाटला, म्हणून विचारलं.

"इन्स्पेक्शन चालू आहे," ती म्हणाली.