तिसरा भाग राहिला, सत्कार झाला

मंडळी, आज लातुरात आमचा कार्यक्रम झाला. झाला म्हणायचा! व्हायोलिनवर माझी मैत्रीण ऋतुजा, चाकूरची, आणि पियानोवर मी. एका फ्रेंच सोनाटासाठी, म्हणजे या दोन वाद्यांच्या लांब रचनेसाठी, दोघी वर्षभर घासत होतो.

या सोनाटाचे तीन भाग आहेत. मधे जरा थांबायचं असतं. दुसरा भाग संपला, आम्ही थांबलो आणि टाळ्या पडल्या. लगेच निवेदक माईकवर आले, "आता सत्कार घेऊ. पाहुण्यांना लग्नाला जायचं हाय."

मी उठून म्हणाले, "सर, अजून एक भाग राहिलाय."

आयोजक काका हसले. "लई भारी झालं बेटा, टाळ्या पडल्या की! आता किती वाजवता?"

ऋतुजाचे दोन्ही हात गुंतलेले. नारळ घ्यायला हात मोकळा हवा म्हणून काकांनीच तिचं व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं. शाल, फोटो. पाहुणे गेले, मागोमाग लोकही उठले.

येताना ऑटोत मांडीवरच्या शालीवर ऋतुजाची बोटं हलत होती. मी ओळखलं, तिसरा भाग.

राग शालीवर नाही हो. पण माणसाचं पूर्ण ऐकून घ्यायच्या आधीच त्याला शाल घालून मोकळं व्हायची आपल्याला एवढी घाई कशाची?